जपानी मेपल, मातीचा सामू आणि झाड हलवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीच्या मध्य भागात मी एकोणीस वर्षं राहते. अंगणात आज पाच जपानी मेपल आहेत. त्यातले तीन मी एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावले, आणि सहावा तसाच हलवताना गमावला. मार्च किंवा ऑक्टोबर उजाडला की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. उत्तरं ईशान्य अमेरिकेच्या हवेला धरून आहेत. टेक्सस, शिकागो किंवा इंग्लंडमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

सामू म्हणजे काय, आणि मेपलला तो किती लागतो?

आपल्याकडे शेतीखात्याच्या पत्रकांत ज्याला ‘सामू’ म्हणतात तोच इथला पीएच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. डेन्मार्कच्या सॉरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. तिची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: प्रत्येक घर दहापटीचं आहे. ५.५ सामूची माती ६.५च्या मातीपेक्षा दहापट आम्ल असते आणि ७.५च्या मातीपेक्षा शंभरपट. म्हणून ‘सामू फक्त एकनेच कमी करायचा आहे’ हे वाक्य वाटतं तितकं सोपं नाही.

जपानी मेपल, म्हणजे एसर पाल्मॅटम, ५.५ ते ६.५ सामूत सुखात असतो. ७च्या आसपासही तो नीट वाढतो. ब्लूबेरी किंवा अझेलियाइतका तो आम्लाचा हट्टी नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रश्नांतले सात ‘सामूच बिघडला असेल’ या समजुतीतून येतात. खड्डा उकरून पाहिला की बहुतेक वेळा झाड खोल पुरलेलं असतं, नाहीतर तहानलेलं.

न्यू जर्सीची माती आम्लधर्मीच असते ना? मग मोजायची कशाला?

मूळ माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मीच. दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्सची वाळू तर इतकी आम्ल की तिथे मका-गहू कधी नीट आलाच नाही. पण त्याच वाळूत व्हाइट्सबॉग गावी शेतमालकीण एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी रानटी ब्लूबेरीचं लागवडीचं पीक घडवलं आणि १९१६ साली पहिला माल विकला.

तुमच्या अंगणातली माती मात्र ‘मूळ’ राहिलेली नसते. घर बांधताना वरचा थर खरवडून नेलेला असतो, खालचा चिकण थर वर आलेला असतो, आणि पायाच्या भिंतीलगत सिमेंट, गिलावा, विटांचे तुकडे गाडलेले असतात. सिमेंटमधला चुना वर्षानुवर्षं झिरपत राहतो. माझ्या स्वतःच्या घरी भिंतीपासून दीड फुटावर सामू ७.४ आला आणि मागच्या कुंपणाशी ५.६. एकाच अंगणात!

दुसरं कारण म्हणजे हिरवळ. लॉनची देखभाल करणारी माणसं दर शरद ऋतूत न विचारता चुना टाकून जातात, कारण गवताला ६.५ ते ७ सामू आवडतो. तुमचा मेपल गवताच्या मधोमध असेल तर तो चुना त्यालाही मिळतो, वर्षातून एकदा, न चुकता. त्यांना फोन करून ‘या झाडाच्या घेरात चुना नको आणि तणनाशक मिसळलेलं खतही नको’ असं स्पष्ट सांगा. रुंद पानांची तणं मारणाऱ्या औषधाला मेपलचं पानही रुंदच दिसतं.

माती परीक्षण कुठे करून घ्यायचं?

अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक काउंटीत विद्यापीठाशी जोडलेलं कृषी विस्तार कार्यालय असतं. १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासूनची ही व्यवस्था आहे. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे, पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटची, मॅसॅच्युसेट्समध्ये यूमासची. एका रोपाच्या किमतीपेक्षा कमी पैशांत काम होतं आणि अहवालात सामूबरोबर स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियमही कळतं.

नमुना घेताना घाई करू नका. जिथे झाड लावायचं त्या भागात आठ-दहा ठिकाणी सहा इंच खोल माती काढा, वरचं गवत-पाचोळा बाजूला करा, सगळी माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, कागदावर सावलीत वाळवा आणि त्यातली दोनेक वाट्या पाठवा. भिंतीलगतची माती आणि मोकळ्या अंगणातली माती एकत्र करू नका. दोन वेगळे नमुने करा.

दुकानात मिळणाऱ्या, मातीत खुपसायच्या दोन काट्यांच्या मीटरवर माझा विश्वास नाही. ओलाव्यानुसार त्यांचे आकडे उड्या मारतात. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर जुना हायड्रेंजिया पाहा. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची फुलं आम्ल मातीत निळी येतात, चुनखडीच्या मातीत गुलाबी. अर्थात पांढऱ्या फुलांच्या जातींवरून काही कळत नाही.

पानं पिवळी पडली आहेत. माती आम्ल करू का?

आधी कोणती पानं आणि कशी पिवळी, ते नीट बघा.

फांदीच्या टोकाची *नवी* पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर तो लोहाचा किंवा मंगलचा (मँगनीजचा) अभाव. उसावर केवडा पडतो म्हणतात ना, तसंच हे. मातीत लोह नसतं असं नाही. सामू वाढला की ते मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. चुनखडीच्या रानात संत्र्याला किंवा भुईमुगाला हेच होतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

*जुनी*, खालची पानं सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी पडत असेल. सगळंच झाड एकदम पिवळट, मरगळलेलं दिसत असेल तर मुळांशी पाणी साचलं आहे का, ते आधी तपासा. कुदळीने फूटभर खड्डा करा. तळाशी पाणी दिसलं किंवा कुबट वास आला, तर गंधकाने काही होणार नाही. आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून पिवळं-लाल होत असेल तर तो त्याचा ऋतू आहे, त्याला काही करू नका.

केवडाच असेल आणि सामू ७च्या वर आला असेल, तर तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधून ठेवलेलं लोह, देतात. त्यातही प्रकार आहेत. ईडीटीए प्रकारचं लोह साधारण ६.५च्या खालीच टिकतं, डीटीपीए ७.५पर्यंत, आणि चुनखडीच्या मातीत फक्त ईडीडीएचए उपयोगी पडतं. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचूनच विकत घ्या. चुकीचा प्रकार घेतला तर पैसे मातीत जातात आणि पान पिवळंच राहतं.

कढीपत्त्याला ताक घालतो, तसं मेपलला घातलं तर? कॉफीचा चोथा? व्हिनेगर?

हा प्रश्न आपल्या लोकांकडूनच येतो आणि मला तो आवडतो, कारण त्यामागे निरीक्षण आहे. खिडकीतल्या कुंडीत गॅलनभर माती असते. तिथे पातळ ताकाचा थोडा परिणाम दिसू शकतो. जमिनीतल्या झाडाच्या मुळांभोवती मात्र हजारो पौंड माती असते. वाटीभर ताकाने तिला काही कळणारही नाही, माश्या आणि उंदीर तेवढे येतील.

वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातलं आम्ल बहुतेक तुमच्या कपात गेलेलं असतं. उरलेला चोथा जवळपास उदासीन असतो. कंपोस्टमध्ये घाला, तिथे तो उत्तम. झाडाभोवती जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी आत शिरू देत नाही. पाइनच्या सुया आच्छादन म्हणून सुंदर, पण सामू त्यांनी नाव घेण्याइतका उतरत नाही. व्हिनेगरने सामू काही दिवस खाली जातो, मग पुन्हा वर येतो, आणि तीव्र असेल तर कोवळी मुळं जळतात.

व्हिनेगर एका कामाला मात्र घ्या. वाळलेल्या मातीच्या चिमटीवर थेंब टाका. फसफसली, तर मातीत चुनखडी मोकळी आहे. त्या मातीचा सामू उतरवायचा प्रयत्नच करू नका. टाकलेलं सगळं आम्ल ती चुनखडी गिळते आणि पुन्हा होती तिथे येऊन थांबते.

गंधक किती टाकायचं आणि कधी?

बागकामाच्या दुकानात मिळणारं शुद्ध गंधक हाच भरवशाचा उपाय, पण तो सावकाश चालतो. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आणि जमीन उबदार असेल तरच ते काम करतात. जानेवारीत टाकलेलं गंधक मे महिन्यापर्यंत तसंच पडून राहील.

मध्यम पोताच्या मातीचा सामू ७.५वरून ६.५वर आणायला दर १०० चौरस फुटांना साधारण पावणेदोन ते दोन पौंड गंधक लागतं. वाळूच्या मातीला याहून कमी, चिकण मातीला जास्त. एका वेळी दोन पौंडांहून जास्त कधीच टाकू नका. लावणीच्या *आधीच्या* वर्षी, शक्यतो वसंतात, सहा-आठ इंच खोल मिसळा आणि शरदात पुन्हा माती तपासा.

झाड आधीच उभं असेल तर माती खणून मिसळायच्या फंदात पडू नका. मेपलची बारीक मुळं अगदी वरच्या थरात असतात. कुदळ लागली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. निम्मी मात्रा वरून पसरा, आच्छादनाखाली जाऊ द्या, पाणी द्या आणि वर्षभर थांबा.

अॅल्युमिनियम सल्फेट लवकर काम करतं, पण गंधकाच्या जवळजवळ सहापट लागतं आणि इतकं अॅल्युमिनियम मुळांना विषारी ठरू शकतं. हायड्रेंजिया निळा करायला ते ठीक आहे. मेपलसाठी मी ते वापरत नाही.

उलट, सामू ५च्या खाली आला तर?

तेव्हा चुना द्यावा, अहवालात सांगितला असेल तेवढाच. फार आम्ल मातीत अॅल्युमिनियम आणि मंगल जास्त विरघळतात आणि मुळांना बाधतात. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट चुना घ्या.

आम्ही डॅलसला / शिकागोच्या उपनगरात / इंग्लंडमध्ये राहतो. जमेल का?

डॅलसची ब्लॅकलँड माती पाहिली की मला सोलापूरची आठवण येते. काळी, चिकण, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. शास्त्रज्ञ दोन्हींना एकाच वर्गात, व्हर्टिसोलमध्ये, घालतात आणि दोन्ही सहसा विम्लधर्मी असतात. तिथे जमिनीशी भांडण्यापेक्षा उंच वाफा करा किंवा मोठी कुंडी घ्या, दुपारची सावली द्या, आणि जमल्यास पावसाचं पाणी साठवून तेच घाला. विहिरीच्या जड पाण्यातला चुना दर उन्हाळ्यात सामू वर ढकलत राहतो.

शिकागोच्या आसपास चुनखडीचा अंश असलेली हिमनदीची माती आहे, आणि हिवाळाही कडक. तिथे एक वेगळी सूचना: स्थानिक लाल मेपल (एसर रुब्रम) आणि ऑटम ब्लेझसारखे त्याचे संकर विम्लधर्मी मातीत जपानी मेपलपेक्षाही लवकर पिवळे पडतात, मंगल न मिळाल्याने. ‘स्थानिक आहे म्हणजे चालेलच’ असं धरू नका.

इंग्लंडमध्ये चिल्टर्न किंवा डाउन्स टेकड्यांच्या खडूच्या जमिनीवर घर असेल तर एरिकेशियस (आम्लधर्मी) कंपोस्ट घालून कुंडीत लावा. बाकी बऱ्याच इंग्लिश मातीत जपानी मेपल मजेत राहतो. १८२० पासून ते त्या देशात आहेत. सिएटल-पोर्टलंडच्या वाचकांना मी काय सांगणार! तुमची माती आणि हवा दोन्ही या झाडाच्या माहेरासारखी आहेत.

झाड कधी हलवावं?

झोपलेलं असताना. म्हणजे पानगळ पूर्ण झाल्यापासून डोळे फुगायला लागेपर्यंत, जमीन गोठलेली नसेल त्या दिवसांत. आमच्याकडे नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे किंवा मार्च. मी मार्चच निवडते. नोव्हेंबरात हलवलेल्या झाडाला तुटक्या मुळांनिशी सुक्या वाऱ्याचा अख्खा हिवाळा काढावा लागतो. मार्चमध्ये लावलेल्याला लगेच उबदार माती मिळते.

तारखेपेक्षा वाफशाला महत्त्व द्या. मूठभर माती दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर खणा. चिखलासारखी चिकटली तर आठवडाभर थांबा. आमच्याकडची लाल शेल खडकाची चिकण माती ओली असताना खणली की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि नव्या मुळांना बाहेरची वाट मिळत नाही.

पान फुटल्यावर, विशेषतः मे-जूनमध्ये, हलवू नका. ‘उद्या बांधकामवाले येणार आहेत’ हा एकच अपवाद मी मान्य करते, आणि तेव्हाही आशा कमी ठेवा.

केवढं झाड घरच्या घरी हलवता येतं? हुंडी केवढी ठेवायची?

हुंडी म्हणजे मुळांसकटचा मातीचा गड्डा. कोकणात आंब्याचं कलम आणताना ‘हुंडी फुटू देऊ नका’ म्हणतात, इथेही सगळं त्यावरच आहे.

जमिनीपासून सहा इंचांवर खोडाचा व्यास मोजा. दर इंच व्यासाला १० ते १२ इंच रुंदीची हुंडी धरा. एक इंच खोडाला १२ इंच, दोन इंचांना २४ इंच. जपानी मेपलची मुळं उथळ आणि बारीक जाळ्यासारखी असतात, त्यामुळे खोली १२ ते १५ इंच पुरते. पण मुळं उथळ म्हणून हुंडी हलकी समजू नका: २४ इंचांच्या हुंडीचं वजन तीनशे पौंडांच्या आसपास किंवा जास्तच भरतं. एक इंचापर्यंतचं झाड दोन माणसं ताडपत्रीवर ओढत नेऊ शकतात. दोन इंचांना चार माणसं आणि फळी हवी. तीन इंचांपुढचं झाड वृक्षतज्ज्ञ आणि त्यांच्या यंत्राला द्या.

जमेल तर हलवण्याच्या आधीच्या वर्षी मुळं छाटून ठेवा. ठरवलेल्या हुंडीच्या किंचित आत, धारदार सपाट फावड्याने गोल चर मारा आणि तोच मातीने बुजवा. कापलेल्या टोकांजवळ वर्षभरात बारीक मुळांचा झुबका येतो आणि तो हुंडीबरोबर जातो. माझे तीन जगले ते असे वर्षभर आधी छाटलेले होते. गमावलेला एक मी घाईत, एका शनिवारी सकाळी ठरवून दुपारी उपटला होता. अठरा वर्षांचं झाड होतं, शेजारच्या काकूंनी घर सोडताना आम्हाला दिलेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि फावडं हातात घेण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. अमेरिकेत ही सेवा फुकट आहे; माणसं येऊन गॅस, वीज, पाण्याच्या जमिनीखालच्या लाइनींवर रंगाने खुणा करून जातात.

नवा खड्डा किती खोल?

हुंडी जेवढी उंच तेवढाच, अर्धा इंचही जास्त नाही. रुंदी मात्र हुंडीच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. तळाची माती भुसभुशीत करू नका, नाहीतर झाड नंतर खचतं.

खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं तो बुंध्याचा फुगवटा जमिनीच्या वर दिसला पाहिजे. चिकण मातीत तर मी हुंडी दोन इंच वरच ठेवते. रोपवाटिकेतून आलेल्या झाडात हा फुगवटा बऱ्याचदा कुंडीच्या मातीखाली तीन-चार इंच गाडलेला असतो. बोटांनी माती सारत जा आणि तो शोधा. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापा. तशीच ठेवली तर दहा-पंधरा वर्षांनी तीच मुळं खोडाला फास लावतात. गोणपाट आणि तारेची टोपली असेल तर हुंडी खड्ड्यात बसल्यावर निदान वरचा अर्धा भाग कापून काढा.

खड्ड्यात शेणखत, पीट मॉस, गंधक मिसळू?

खड्ड्यात नको. आपल्याकडे आंब्याला दोन घमेली शेणखत टाकून लावायची सवय, म्हणून हे पटायला जड जातं. पण चिकण मातीत मऊ, खतवलेला खड्डा म्हणजे पाण्याची टाकी होते. पाऊस त्यात उतरतो आणि भोवतीच्या घट्ट मातीतून बाहेर जात नाही. मुळंही त्या मऊ जागेतच गोल फिरत बसतात. काढलेलीच माती परत भरा. कंपोस्ट द्यायचं असेल तर वरून, पातळ थराने. पहिल्या वर्षी रासायनिक खत अजिबात नको.

वर लाकडाच्या चुऱ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं दूर. बुंध्याशी वारुळासारखा ढीग रचण्याची इथली पद्धत साल कुजवते.

वांगी-टोमॅटोचा जुना वाफा रिकामा आहे. तिथे मेपल लावू?

कृपया नको. हे उत्तर मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते, कारण मराठी अंगणात वांगी, टोमॅटो, भेंडी असतातच. या पिकांवर येणारी व्हर्टिसिलियम ही मर रोगाची बुरशी मेपललाही मारते, आणि जपानी मेपल तिला विशेष बळी पडतो. तिचे काळे सूक्ष्म कण जमिनीत दहा वर्षांहून जास्त तग धरतात. लक्षण असं: ऐन उन्हाळ्यात, पाणी असूनही एकच फांदी अचानक सुकते, दुसरी हिरवीगार. सुकलेली फांदी तिरकी कापून सालीखाली पाहा. हिरवट-काळपट रेघा दिसू शकतात. यावर औषध नाही. आजारी फांद्या कापाव्यात, पाणी वेळेवर द्यावं, आणि झाड गेलं तर त्या जागी दुसरा मेपल लावू नये. सूचिपर्णी झाडांना ही बुरशी लागत नाही, त्यांपैकी एखादं लावा.

हलवल्यावर पाणी किती?

खोडाच्या दर इंचाला एक ते दीड गॅलन, एका वेळी. पहिले दोन आठवडे रोज, मग तिसऱ्या महिन्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, पुढे आठवड्यातून एकदा, जमीन गोठेपर्यंत. पाऊस पडला तर तेवढं कमी. पाणी *हुंडीवर* घाला, कारण सुरुवातीला सगळी मुळं तिथेच आहेत. भोवतीची माती ओली आणि हुंडी कोरडी, असं सर्रास होतं. बोट दोन इंच खुपसा आणि मग ठरवा. लॉनच्या फवाऱ्यावर विसंबू नका. तो गवतापुरता असतो.

खोडाच्या दर इंचामागे झाडाला स्थिरावायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ‘मुळं कमी झाली म्हणून फांद्याही छाटू’ असं करू नका. नवी मुळं वाढवायला पानांनी केलेलंच अन्न लागतं. फक्त मोडलेलं-वाळलेलं काढा.

पानांच्या कडा करपल्या. सामू?

बहुधा नाही. तापलेला वारा, दुपारचं पश्चिमेचं ऊन, पाण्याची ओढ, किंवा ड्राइव्हवेवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. झिरमिरी पानांच्या जाती आधी करपतात. पुढच्या मार्चमध्ये जागा बदलता येईपर्यंत झाडावर सावली धरा.

आमच्या दाराशी जांभळ्या पानांचा पन्नास फुटी मेपल आहे. तो हलवता येईल का?

तो जपानी नाही, बहुधा नॉर्वे मेपलची क्रिमसन किंग ही जात आहे. पानाचा देठ तोडून पाहा. दुधासारखा चीक आला तर नॉर्वेच. हलवणं शक्य नाही आणि नवा लावूही नका. तो जंगलात पसरतो, म्हणून मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

पुण्याला आईकडे लावता येईल का?

मनापासून सांगते, नको. जपानी मेपलला खरा हिवाळा लागतो, आणि एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा त्याला सोसत नाही. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये जमतं. हिमालयात मेपलच्या आपल्या स्वतःच्या जातीही आहेत. काश्मीरचा चिनार मात्र मेपल नाही, पान तेवढं सारखं दिसतं.

घर विकतोय. बाबांनी लावलेला मेपल सोबत नेता येईल का?

जमिनीत लावलेलं झाड घराबरोबर विकलं जातं. न्यायचं असेल तर घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच हलवा, किंवा विक्रीच्या करारात ‘हे झाड वगळून’ असं वकिलाकडून लिहून घ्या. करार झाल्यावर गुपचूप उपटणं योग्य नाही.

झाड मोठं असेल आणि मुळं छाटायला वर्ष हाताशी नसेल, तर त्याला तिथेच राहू द्या आणि त्याची पिल्लं न्या. जुन्या जपानी मेपलखाली वसंतात दोन-दोन पानांची रोपं उगवलेली असतात. आई लाल असली तरी पिल्लं लाल, हिरवी, मधल्या रंगाची, कशीही येतात. कलमाची जात बियांतून तशीच येत नाही. रोपं नसतील तर शरदात पंखांची बी गोळा करा, ओलसर वाळूत घालून पिशवीत बांधा आणि तीन-चार महिने फ्रिजमध्ये ठेवा. माझ्या मैत्रिणीने गेल्या मार्चमध्ये वडिलांच्या झाडाखालची सात रोपं चमच्याने उचलून दह्याच्या रिकाम्या डब्यांत नेली. पाच जगली आहेत, आणि त्यातली दोन तांबडी आहेत.